उंचीवर लीन व्हावे

आमच्या घरी पितळेचा एक जुना स्टोव्ह होता. आता तो माळ्यावर पडून आहे. परंतु माझ्या लहानपणी गॅस संपला, की आजी तो खाली काढावयास सांगे. चिंच लावून घासलेले त्याचे पोट आरशासारखे चकाके. आजी काकडा पेटवी, हवा भरी आणि मग कान देऊन बसे. ज्योतीकडे ती नंतर पाही. आधी तिचा आवाज ऐके. स्टोव्ह फुरफुरू लागला, की ती म्हणे, “रॉकेल आहे, पण वारा नाही. पोटभर जळत नाही मेला!” अशा वेळी ज्योत पिवळी पडलेली असे. पातेल्याच्या बुडाला काजळी धरे आणि स्वयंपाकघरात धुराचा वास कोंडे. आजी पिनेने तोटी साफ करी, आणखी थोडी हवा भरी आणि पाहता पाहता ज्योत निळी होऊन एका सुरात घोंघावू लागे. मग समाधानाने मान डोलावून ती चहाचे आधण ठेवी.

जळण्यासाठी नुसते इंधन पुरत नाही, त्याच्या मापाने हवाही लागते, हा धडा मला असा घरच्या घरी मिळाला होता. पुढे मी विमान चालविण्यास शिकू लागलो, तेव्हा नेमका हाच धडा मी विसरलो. तो पुन्हा शिकण्यासाठी मला एप्रिलच्या उन्हात एका अनोळखी धावपट्टीवर दिवसभर बसून राहावे लागले. त्याचीच ही हकीकत आहे.

आमची शिकवणी दख्खनच्या पठारावरील एका लहानशा विमानतळावर चाले. विमान होते सेस्ना १५२. त्यात दोनच माणसे बसतात. पुढे चार सिलिंडरांचे, सुमारे ११० अश्वशक्तीचे इंजिन आणि त्याला जोडलेला दोन पात्यांचा पंखा. वैमानिकासमोरच्या फळीवर अनेक तबकड्या असतात. परंतु नवख्या माणसाचे लक्ष वेधून घेतात त्या दोन मुठी. एक काळी आणि एक लाल. दोन्ही आत ढकलता येतात आणि बाहेर ओढता येतात. काळ्या मुठीने इंजिनाची शक्ती कमी-अधिक होते, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो. लाल मुठीची ओळख त्या दिवशी अगदी शेवटी झाली.

उड्डाण संपवून आम्ही विमान जागेवर आणून उभे केले होते. आमचे सर म्हणाले, “आता इंजिन बंद कर.”

मोटारीप्रमाणे येथेही किल्ली असते. मी ती फिरविण्यास हात पुढे केला. सरांनी माझे मनगट धरले.

“किल्लीने नव्हे. त्याला उपाशी ठेवून.”

एवढे बोलून त्यांनी लाल मूठ पूर्णपणे बाहेर ओढली. इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि पंखा थांबला. मग सरांनी समजावून सांगितले, “किल्लीने नुसती ठिणगी बंद होते. सिलिंडरमध्ये इंधनाची वाफ उरतेच. पुढे कोणी सहज पंख्याला हात लावला आणि कुठून तरी ठिणगी पडली, तर पंखा फिरेल आणि त्या माणसाचा हात जाईल. म्हणून आधी इंधन तोडावयाचे, आत काही शिल्लक ठेवावयाचे नाही आणि मगच किल्ली फिरवावयाची.”

युक्ती मोठी शहाणपणाची होती. परंतु माझ्या मनाने तिच्यातून भलताच अर्थ घेतला. लाल मूठ ओढली, की इंजिन मरते, एवढेच मी गाठीस बांधले.

पुढे वर्गात त्या मुठीचे खरे काम आम्हांला शिकविण्यात आले. इंजिनात जाणारी हवा आधी कार्ब्युरेटर नावाच्या भागातून जाते. तेथे तिच्यात पेट्रोलचे बारीक तुषार मिसळतात. एक किलोग्रॅम पेट्रोल पुरते जळावयास सुमारे पंधरा किलोग्रॅम हवा लागते. हे प्रमाण वजनाचे आहे, आकारमानाचे नव्हे. आणि सारी अडचण येथेच आहे. समुद्रसपाटीवर एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम असते. आपण जसजसे वर जातो, तसतशी हवा विरळ होत जाते. १०,००० फुटांवर तेवढ्याच हवेचे वजन सुमारे ०.९ किलोग्रॅम भरते. सिलिंडराचे पोट तर तेवढेच राहते. साहजिकच प्रत्येक घासाला त्याला पूर्वीपेक्षा कमी हवा मिळते. साध्या कार्ब्युरेटरला हवेचा हा हलकेपणा नीटसा उमजत नाही. तो जवळजवळ पूर्वीच्याच हाताने पेट्रोल वाढीत राहतो.

परिणाम काय होतो, हे माझ्या आजीने सांगितले असते. सगळे पेट्रोल जळत नाही. ठिणगी पाडणाऱ्या प्लगांवर काजळी धरते. इंजिन थरथरू लागते, त्याची शक्ती घटते आणि न जळलेले इंधन धुरावाटे फुकट जाते. अशा वेळी वैमानिकाने लाल मूठ हळूहळू बाहेर ओढून पेट्रोल कमी करावयाचे असते. पेट्रोल अधिक असलेल्या मिश्रणाला वैमानिक ‘रिच’ म्हणतात आणि कमी असलेल्याला ‘लीन’.

मग जमिनीवरूनच कमी पेट्रोल का देऊ नये, असे तुम्ही विचाराल. मीही विचारले होते. त्याचे उत्तर असे की, विमान उडताना इंजिन आपली सर्व शक्ती पणाला लावते आणि अतिशय तापते. त्या वेळी थोडे जास्तीचे पेट्रोल आत गेले, तर त्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेते आणि इंजिनाला थंडावा देते. पूर्ण शक्ती चालू असताना मिश्रण फार पातळ केले, तर ते सिलिंडरमध्ये शांतपणे जळण्याऐवजी धडाक्याने पेटते आणि इंजिनाची हानी होते. म्हणून सखल जागेवरून निघताना लाल मूठ आत असते, आणि सुमारे ३,००० फुटांच्या वर गेल्यावर ती सुधारून घ्यावी, असा आम्हांला पाठ होता.

पाठ मला तोंडपाठ होता. हात मात्र धजत नव्हता. सर शेजारी असत तोवर ते सांगतील तेवढी मूठ मी ओढीत असे. परंतु एकटा असताना? समोर एकच इंजिन, खाली नांगरलेली शेते, आणि ज्या मुठीने इंजिन मरते ती मूठ आपल्याच हाताने ओढावयाची! त्यापेक्षा चार थेंब जास्त गेले तर काय बिघडले? जास्त देण्यात धोका नाही, धोका कमी देण्यात आहे, असे मी स्वतःला समजावीत असे. भित्रेपणाला मी सावधगिरी हे गोंडस नाव दिले होते.

अशा मनःस्थितीत एके दिवशी मला एकट्याने दूरच्या प्रवासाला धाडण्यात आले. सुमारे २१० किलोमीटर पूर्वेला, मराठवाड्यातील एका धावपट्टीवर उतरावयाचे आणि तेथून परत यावयाचे, असा बेत होता. आदल्या रात्री मी सारा हिशेब मांडला. टाक्यांत वापरता येण्याजोगे पेट्रोल सुमारे ९३ लिटर. उंचीवर मिश्रण नीट राखले, तर खर्च ताशी २३ लिटर. जाताना सव्वा तास; चढाईचा जादा खर्च धरून ३२ लिटर. येताना वारा समोरून, म्हणून दीड तास आणि ३९ लिटर. शिवाय अडीअडचणीसाठी पाऊण तासाचे पेट्रोल राखून ठेवावयाचे, ते सुमारे १८ लिटर. म्हणजे परत निघताना टाकीत ५७ लिटर तरी हवेत. आणि ती ६१ असणार होती. हिशेब चोख होता.

सकाळी आठ वाजता मी निघालो. ५,५०० फुटांवर विमान स्थिर केले. खाली उजनीचा जलाशय पसरला होता आणि भीमेचे पाणी कोवळ्या उन्हात चमकत होते. एकदा माझा हात लाल मुठीकडे गेला. मी ती बोटभरही ओढली नसेन, तोच इंजिनाचा सूर किंचित पालटला. माझ्या पोटात गोळा आला. मी ती झटकन आत ढकलून दिली आणि पुन्हा तिच्या वाटेला गेलो नाही.

उतरल्यावर नियमाप्रमाणे मी टाक्या तपासावयास पंखावर वाकलो. लहान विमानातील काट्यांवर फार भिस्त ठेवू नये, असे आम्हांला शिकविले होते. म्हणून टाकीत खुणांची काडी बुडवून पेट्रोल मोजावयाचे. निळसर पेट्रोलाने ओली झालेली ती काडी मी उन्हात धरली. पुसून पुन्हा बुडविली. दुसऱ्या बाजूची टाकीही मोजली. दोन्ही मिळून ५३ लिटर भरत होती.

हवी होती ५७. चार लिटर कमी!

चार लिटर म्हणजे काय? एक लहानशी कळशीही भरणार नाही. धावपट्टीवर त्या वेळी चिटपाखरूही नव्हते. मी निघालो असतो, तर कोणाला कळले असते? वारा कदाचित पडलाही असता. एकट्याने केलेला पहिलाच मोठा प्रवास पुरा करून मी मित्रांत मिरवलो असतो. हे सारे माझ्या मनात आले, हे मी लपवीत नाही. परंतु ती ओली काडी हातात होती आणि तिच्यावरची खूण काही केल्या हलत नव्हती. मी सरांना दूरध्वनी केला.

सर्व ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, “लाल मूठ किती ओढली होतीस?”

“ओढली नव्हती, सर.”

“का?”

“इंजिन बंद पडेल अशी भीती वाटली.”

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. रागाचे चार शब्द ऐकण्याची मी तयारी केली. पण सर म्हणाले, “येतानाही तुला तीच भीती वाटली असती. ताशी ३० लिटर जाळीत आला असतास, तर येथे पोहोचताना टाकीत किती उरले असते, याचा हिशेब कर. विमान दोरांनी नीट बांध, पाणी पी आणि सावलीत बस. मी पेट्रोल घेऊन येतो.”

मी हिशेब केला. दीड तासाची ४५ लिटर आणि चढाईची ४. उत्तर आले चार लिटर. म्हणजे फार तर आठ मिनिटांचे उड्डाण! वारा थोडा जरी वाढला असता, तरी मला एखाद्या उसाच्या फडात उतरावे लागले असते. इतक्या उन्हातही माझ्या अंगावर काटा आला.

त्या लांबलचक दुपारी पंखाच्या सावलीत बसून मला चार्ल्स लिंडबर्ग आठवला. २० मे १९२७ रोजी हा तरुण अमेरिकन वैमानिक ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ हे एकाच इंजिनाचे विमान घेऊन न्यूयॉर्कहून निघाला आणि अटलांटिक महासागर ओलांडून साडेतेहेतीस तासांनी पॅरिसला उतरला. अंतर होते सुमारे ५,८०० किलोमीटर. निघताना त्याच्याजवळ सुमारे १,७०० लिटर इंधन होते, आणि उतरला तेव्हा त्यातील सुमारे ३२० लिटर शिल्लक होते. एकट्याने, झोपेशी झगडत, रात्रीच्या अंधारात तो वाटेत मिश्रण बेताचे ठेवीत गेला होता. त्याच्याही पुढे एकच इंजिन होते आणि खाली तर नुसते पाणी होते!

पुढे १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, तोच लिंडबर्ग न्यू गिनी बेटावर अमेरिकन वैमानिकांबरोबर ‘लाइटनिंग’ नावाची दोन इंजिनांची लढाऊ विमाने उडवीत होता. इतरांच्या टाक्या रिकाम्या होत येत, तेव्हा त्याच्या टाकीत पुष्कळ इंधन उरलेले असे. त्याने सर्वांना आपली रीत शिकविली. इंजिनाचे फेरे मिनिटाला १,६०० पर्यंत कमी ठेवावेत आणि मिश्रण पातळ करावे. वैमानिकांना धास्ती वाटली, की अशाने इंजिने खराब होतील. परंतु त्याच्या विमानाची इंजिने तपासली, तेव्हा ती धडधाकट निघाली, आणि त्या विमानांचा पल्ला शेकडो किलोमीटरांनी वाढला. कसलेल्या वैमानिकांनाही जी भीती वाटली, तीच मला वाटली होती, हे आठवून मला थोडा धीर आला. त्यांनी ती शिकून घालविली. मी ती जपून ठेवली होती, एवढाच फरक.

चार वाजता सरांची जीप आली. पेट्रोल गाळून टाकीत भरले गेले. ऊन कलले होते, तरी पारा ४० अंशांवर होता. सर म्हणाले, “ही धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंच आहे. पण तापलेली हवा विरळ होते. या उकाड्यात आपल्या इंजिनाला वाटते, की आपण सुमारे साडेपाच हजार फुटांवर उभे आहोत. म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या शिखरावर! म्हणून आज येथेच मिश्रण थोडे सुधारून घे.”

विमान जागच्या जागी धरून मी पूर्ण शक्ती दिली आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे लाल मूठ थोडी ओढली. इंजिनाची गुरगुर मोकळी झाली. आम्ही उडालो.

६,५०० फुटांवर पोहोचल्यावर सरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. “आता तू. डोळे तबकडीवर, कान इंजिनाकडे.”

मी मूठ हळूहळू ओढू लागलो. सूर बदलला. माझा हात थबकला.

“भिऊ नकोस. तो काय म्हणतो ते ऐक.”

मी ऐकले. आश्चर्य असे, की इंजिन मरत नव्हते. उलट त्याचे फेरे थोडे वाढले होते! घशात अडकलेला घास खाली उतरावा, तसा त्याचा आवाज स्वच्छ झाला. मी आणखी ओढले. फेरे शिखरावर पोहोचले, मग किंचित उतरले आणि विमानाला बारीकशी थरथर जाणवली. “ही सीमा,” सर म्हणाले. “आता थोडी आत ढकल.” मी ढकलली. थरथर थांबली आणि इंजिन एका सुरात घोंघावू लागले. तो सूर मी पूर्वी कोठे तरी ऐकला होता. मला आमचे स्वयंपाकघर आठवले, आणि कान देऊन बसलेली आजी दिसली.

समोर सूर्य खाली येत होता आणि उजनीचे पाणी तांबूस झाले होते. सर म्हणाले, “इंग्रजीत ‘लीन’ म्हणजे रोडका, कृश. आपल्या भाषेत लीन म्हणजे नम्र. मला आपला अर्थ अधिक आवडतो. वर आल्यावर माणसाने लीन व्हावे. जमिनीवर जेवढे लागत होते, तेवढेच येथेही हवे, असा हट्ट धरू नये. आणि खाली येताना मूठ पुन्हा आत ढकलण्यास विसरू नये. तेथे हवा दाट असते. तेथे पातळ मिश्रण उपयोगी पडत नाही.” थोडे थांबून ते म्हणाले, “चार लिटर कमी आहेत हे सांगितलेस, तेव्हाच तू अर्धा धडा शिकलास.”

उतरल्यावर मी काडीने पेट्रोल मोजले. खर्च झाला होता ३८ लिटर. कागदावरच्या हिशेबाहून एकाने कमीच!

काही नव्या इंजिनांत हे काम आता यंत्र आपले आपण करते. वैमानिकाला लाल मूठ हलवावीच लागत नाही. ही सोय चांगलीच आहे. तरी मला त्या मुठीचे उपकार वाटतात. अधिक म्हणजे चांगले, ही माझी समजूत तिने मोडली. आणि ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पाठ फिरविण्यापेक्षा कान द्यावा, हे मला शिकविले.

सुटीत घरी गेलो, तेव्हा ही हकीकत मी आजीला सांगितली. तिला विमानातले फारसे कळत नाही. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “मग शेवटी ज्योत निळी झाली ना?”

मी म्हणालो, “ज्योत दिसत नाही ग आजी. नुसती ऐकावी लागते.”

“मग तेच तर!” ती म्हणाली, आणि चहाचे आधण ठेवावयास उठली.